पार्सलला किंमत कळत नाही

कार्टमध्ये ८०० चा माल आहे. वरच्या बाजूला एक हिरवी पट्टी बरीचशी भरलेली दिसते आणि शेजारी लिहिलेलं असतं, ‘फक्त २०० ची खरेदी आणखी करा, डिलिव्हरी मोफत मिळवा!’ डिलिव्हरीचे ७० मात्र तिथे दिसत नाहीत. ते पत्ता भरून झाल्यावर, शेवटच्या पानावर उगवतात. (आकडे कुठल्याही चलनातले समजा, मुद्दा प्रमाणाचा आहे.) इथून पुढे खरेदीची तऱ्हाच बदलते. ज्या वस्तूसाठी माणूस आला होता ती निवडून झाली. आता तो २०० मध्ये काय बसतं ते धुंडाळतोय. एरवी आधी गरज लागते, मग किंमत बघतात. इथे किंमत आधीच ठरलीय आणि तिच्या मापाची गरज शोधायचीय.

हा उलटा क्रम मला खटकतो, पण माझी खरी तक्रार त्याबद्दल नाही. गिऱ्हाइकाच्या पिशवीत आणखी एक वस्तू जावी म्हणून दुकानं कायमच खटपट करत आलीत. तक्रार अशी की ‘अमुक रकमेच्या वर डिलिव्हरी फुकट’ हा नियम वाहतूक खर्चाचं नाव सांगतो आणि वाहतूक खर्चाशी त्याचं नातं फार लांबचं आहे. त्यातून जो भार तयार होतो तो छोटी खरेदी करणाऱ्यावर पडतो. डिलिव्हरीचे पैसे जरूर घ्यावेत. पण ते पार्सल बघून घ्यावेत, बिलाची बेरीज बघून नको.

आधी गिऱ्हाइकाच्या बाजूचा हिशोब मांडू, कारण याबाबत सल्ला देणारेही पुष्कळदा घोळ घालतात. कार्ट ८०० चं, मर्यादा १००० ची, चार्ज ७० चा. २०० ची वस्तू टाकली की ७० वाचले, म्हणजे ती वस्तू १३० ला पडली. प्रश्न एवढाच विचारायचा: ही वस्तू एरवी १३० ला, घरपोच, समोर आली असती तर घेतली असती का? घेतली असती तर खुशाल घ्यावी. पुढच्या महिन्यात लागणारच असलेली, न नासणारी वस्तू असेल तर फायदा खरोखरच पूर्ण ७० चा. उलट ‘असू दे, कामाला येईल’ असं वाटत असेल तर ७० वाचवायला १३० घालवले.

आता कार्ट ९५० चं धरा. अंतर ५०, चार्ज ७०. इथे ५० ची कुठलीही वस्तू घेऊन ती दारातच कुणाला देऊन टाकली तरी २० हातात राहतात. भरीची वस्तू म्हणजे उधळपट्टी असं सरसकट म्हणणाऱ्यांचं इथे चुकतं. अडचण येते ती पुढे. नेमकी ५० ची वस्तू त्या दुकानात नसते. सर्वांत स्वस्त काय, तर १४० चं काहीतरी. मग पट्टीवर लिहिलेलं ५० चं अंतर हे अंतरच नव्हे. मर्यादा ओलांडून देणारी सर्वांत स्वस्त वस्तू ज्या किमतीला मिळते तेच खरं अंतर, आणि ते १४० आहे. चार्ज वजा करून ती वस्तू ७० ला पडते. पट्टी हा आकडा कधी सांगत नाही.

गणित सोपं आहे, शाळकरी पोरही करील. तरी मोठी माणसं ते करत नाहीत, कारण शून्य हा आकडा इतर आकड्यांसारखा वागत नाही. क्रिस्टिना शाम्पानिए, नीना मझार आणि डॅन एरिएली यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या बाबतीत नेहमी सांगितला जातो. एक उंची चॉकलेट १५ सेंटला आणि एक साधं १ सेंटला ठेवलं, तेव्हा घेणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांनी उंची चॉकलेट उचललं. मग दोन्हींची किंमत एकेक सेंटने उतरवली: १४ आणि शून्य. फरक तोच १४ चा. पण आता ६९ टक्के लोक साध्याकडे वळले. डिलिव्हरी ७० वरून ६० वर आली तर कुणी कार्टमध्ये भर घालत बसणार नाही. ती शून्यावर येणार म्हटलं की बसतो.

दुसरं कारण त्या पट्टीत आहे. उद्दिष्ट जवळ आलं की पाय भरभर पडतात, हे मानसशास्त्रात क्लार्क हलने १९३२ मध्ये उंदरांच्या धावण्यावरून मांडलं. जोसेफ न्यून्स आणि झेवियर ड्रेझ यांनी २००६ मध्ये त्याची एक गमतीदार बाजू दाखवली. गाड्या धुण्याच्या केंद्रावर काही गिऱ्हाइकांना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं, काहींना दहा शिक्क्यांचं दिलं पण त्यातले दोन शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही पुढे आठ वेळाच यायचं होतं. कोरं कार्ड पुरं करणारे १९ टक्के निघाले, दोन शिक्क्यांची ‘सुरुवात’ मिळालेले ३४ टक्के. कार्टवरची पट्टी नेमकी हीच युक्ती वापरते. तुम्ही जे ८०० स्वतःच्या गरजेने खर्च करणारच होता, ते तिच्या हिशोबात ‘८० टक्के प्रवास पूर्ण’ असतात. प्रवासाला निघालो होतो कुठे, हा प्रश्न मग बाजूला राहतो.

तिसरं कारण फारसं बोललं जात नाही. चार्ज वेगळा दाखवण्याचे दोन परिणाम होतात आणि दुकानाला त्यातला एकच हवा असतो. विकी मॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की किंमत तुकड्यांत सांगितली तर लोकांच्या लक्षात एकूण रक्कम कमी राहते. तनजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन यांनी २००६ मध्ये ईबेवरच्या लिलावांतून असंच काहीसं मांडलं: सुरुवातीची बोली कमी आणि टपालखर्च जास्त ठेवला तर बऱ्याच लिलावांत एकूण वसुली वाढते. म्हणजे वस्तूंच्या यादीत चार्ज वेगळा असणं दुकानाच्या फायद्याचं, कारण वस्तू स्वस्त दिसते. पण तोच चार्ज शेवटच्या पानावर आला की लोक कार्ट सोडून जातात. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटच्या पाहण्यांत सोडून दिलेल्या कार्टचं प्रमाण सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास येत राहिलंय आणि कारणांत पहिला नंबर शेवटी वाढणाऱ्या खर्चाचा. किमान रकमेचा नियम या दोन्हींच्या मधोमध बसतो. यादीत किंमत कमी दिसते, शेवटी चार्जचा चटका बसतो आणि लगेच चटका टाळायची वाटही दाखवली जाते.

आता गल्ल्याच्या पलीकडे जाऊ. दुकानाला सरासरी ३० टक्के मार्जिन सुटतं आणि एक पार्सल पोचवायला त्याचे ७० जातात असं धरा. ८०० ची ऑर्डर देऊन गिऱ्हाइकाने चार्ज भरला तर दुकानाला २४० सुटतात, कारण चार्ज आला आणि कुरिअरला गेला. तेच गिऱ्हाईक आणखी २०० ची खरेदी करून मोफत डिलिव्हरी घेतं तेव्हा मार्जिन ३०० होतं, त्यातून पार्सलचे ७० जातात, उरतात २३०. दुकान दहाने खाली आलं! ३० टक्क्यांच्या मार्जिनवर ७० भरून काढायला भर २३४ ची लागते. मग दुकानं हा उद्योग का करतात? एक तर, चार्ज बघून पळून जाणारा गिऱ्हाईक थांबतो. आणि दुसरं म्हणजे भरीची वस्तू सरासरी मार्जिनची नसतेच. ‘यासोबत हेही घ्या’ म्हणून खाली जी रांग लागते ती नीट बघा: कव्हर, केबल, पाउच, पुसायचं कापड, बॅटरी, रिफिल. हलकं, चपटं, खोक्याच्या उरलेल्या जागेत बसणारं आणि मार्जिन भरघोस. ५० टक्के मार्जिनची २०० ची वस्तू गेली की शंभर सुटतात, पार्सलचे ७० जाऊन तीस वर. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, फक्त कोहळा वजनाला हलका हवा.

मर्यादा किती ठेवायची हे ठरवण्याची पद्धतही काही गूढ नाही. गेल्या काही महिन्यांच्या ऑर्डरी रकमेप्रमाणे मांडायच्या, सर्वांत दाट थवा कुठे आहे ते पाहायचं आणि त्याच्या थोडं वर, साधारण १५ ते ३० टक्के वर, खुंटी ठोकायची. फार वर ठोकली तर लोक प्रयत्नच करत नाहीत. फार खाली ठोकली तर जे एरवीही चार्ज भरून घेणार होते त्यांना उगाच सूट जाते. नवख्या दुकानांची पहिली चूक म्हणजे थव्याऐवजी सरासरी घेणं. चार-दोन अवाढव्य ऑर्डरी सरासरीला वर ओढतात आणि खुंटी हाताला न लागण्याइतकी उंच बसते.

दुसरी चूक अधिक घातक, कारण ती यशासारखी दिसते. मर्यादा लावली आणि ‘सरासरी ऑर्डर’ वाढली की मीटिंगमध्ये टाळ्या पडतात. एक छोटं उदाहरण घ्या. दहा ऑर्डरी आहेत, पाच ५०० च्या, पाच ११०० च्या. एकूण विक्री ८०००, सरासरी ८००. १००० ची मर्यादा लावली. ५०० वाल्यांपैकी तिघे चार्ज बघून निघून गेले. उरल्या सात ऑर्डरी, एकूण ६५००. सरासरी आली जवळजवळ ९२९. कुणीही एका पैशाचं जास्त घेतलेलं नाही, विक्री १५०० ने पडलीय, आणि आलेख मात्र १६ टक्क्यांची वाढ दाखवतोय. हे टाळायचं तर सरासरीसोबत ऑर्डरींची संख्या आणि एकूण मार्जिन एकाच तक्त्यात ठेवावं लागतं. शिवाय रकमेप्रमाणे मांडलेल्या ऑर्डरींच्या आलेखात मर्यादेच्या जरा खाली पडलेला खड्डा आणि जरा वर आलेला उंचवटा यांची तुलना करावी लागते. उंचवटा खड्ड्याएवढा असेल तर लोक वर सरकले. खड्डा मोठा आणि उंचवटा किरकोळ असेल तर लोक निघून गेले.

निघून गेलेले कोण, हा इथला सार्वजनिक प्रश्न. एकाच वस्तूची गरज असलेला, महिन्याच्या शेवटी हात आखडता असलेला, एकटा राहणारा, एक औषध किंवा एक सुटा भाग हवा असलेला. हजाराचा आकडा गाठायला ज्याच्याकडे एकदम हजार नाहीत, त्याला प्रत्येक वेळी ७० पडतात. मोठं कुटुंब किंवा मोठा खिसा सहज वर जातो. म्हणजे मोफत डिलिव्हरीचे पैसे जर कुणाच्या चार्जमधून आणि सगळ्यांच्या किमतीतून येत असतील, तर छोटा गिऱ्हाईक दोनदा देतो: एकदा स्वतःच्या पार्सलचे, आणि एकदा वस्तूच्या किमतीत मिसळलेला दुसऱ्याच्या पार्सलचा वाटा.

याला दुकानाचं उत्तर असतं की पार्सल पोचवायला खर्च येतो. येतोच. कुठे येतो तेही पाहू. रॅकवरून वस्तू काढणं, तपासणं, खोकं, मोकळी जागा भरायला कागद किंवा हवेच्या पिशव्या, चिकटपट्टी, लेबल, कुरिअरची गाडी, वर्गीकरण केंद्र आणि मग शेवटचा टप्पा. हा शेवटचा टप्पा सगळ्यांत खर्चिक, कारण तिथे एक माणूस, एक थांबा आणि एक दार असतं. घर बंद असेल तर तोच फेरा परत. यातला बहुतेक खर्च खोक्यामागे आहे. त्याच खोक्यात दुसरी वस्तू टाकली तर रॅकवरून काढायला जाणारे काही सेकंद आणि थोडं वजन एवढंच वाढतं. म्हणून ‘एकत्र मागवा’ हा आग्रह रास्त आहे. प्रश्न असा की एकत्र मागवलं की नाही हे ओळखण्यासाठी किंमत कशाला बघायची? कुरिअरच्या काट्याला आणि मोजपट्टीला किंमत कळत नाही. त्यांना वजन कळतं आणि आकार कळतो.

आकाराचा हिशोब जरा नीट समजून घेण्यासारखा आहे. हवाई कुरिअरमध्ये प्रचलित असलेलं सूत्र म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. येणारा आकडा म्हणजे ‘आकारमानी वजन’, किलोत. हे आणि काट्यावरचं वजन यांतलं जे जास्त, त्यावर बिल. दोन उशा ६० × ४० × २५ च्या खोक्यात गेल्या तर ६०,००० भागिले ५००० म्हणजे १२ किलो. उशा खऱ्या दोनेक किलोच्या असतील, बिल बारा किलोचं. दोन उशांची किंमत ११०० असेल तर मर्यादा पार, डिलिव्हरी फुकट. आता २५० ची चार्जिंग केबल घ्या. आतून मऊ अस्तर असलेल्या लिफाफ्यात जाते, दारात टेकवली की काम झालं. तिला मात्र ७०, म्हणजे किमतीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. केबलवाल्याने उशांची गाडी भरून दिली. हा नियम वाहतुकीच्या खर्चावर बेतलेला असता तर निकाल बरोबर उलटा लागला असता.

मर्यादेच्या आकड्याचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने जानेवारी २००२ मध्ये ९९ डॉलरवर मोफत डिलिव्हरी सुरू केली आणि त्याच वर्षी ती मर्यादा २५ डॉलरवर आणली. तिथे ती अकरा वर्षं टिकली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ३५, फेब्रुवारी २०१६ मध्ये ४९, फेब्रुवारी २०१७ मध्ये परत ३५ आणि मे २०१७ मध्ये परत २५. चार वर्षांच्या आत डिझेल, खोकी आणि ड्रायव्हरचा पगार दुप्पट होऊन पुन्हा निम्मा झाला असेल का? झालं होतं ते असं की मर्यादा वर गेली तेव्हा वर्षाचे पैसे भरून मोफत डिलिव्हरी देणारं अ‍ॅमेझॉनचं सभासदत्व अधिक आकर्षक दिसू लागलं, आणि जानेवारी २०१७ मध्ये वॉलमार्टने सभासदत्वाशिवाय ३५ डॉलरवर दोन दिवसांत मोफत डिलिव्हरी जाहीर केल्यावर आकडा भराभर खाली आला. ही मर्यादा स्पर्धेच्या हवामानावर हलते. तिला वाहतूक खर्चाचं प्रतिबिंब म्हणणं धाडसाचं आहे.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला सहसा पार्सल आल्यावरच कळते. भरीची वस्तू टाकून मर्यादा गाठली, आणि दारात दोन वेगवेगळ्या दिवशी दोन खोकी आली. मूळ वस्तू एका गोडाऊनमध्ये होती, भरीची दुसऱ्या. किंवा एकाच संकेतस्थळावर विकणारे दोन वेगळे विक्रेते होते. बेरीज एकत्र झाली, खोकी झाली नाहीत. एकत्र मागवल्याने होणारी बचत इथे शून्यावर येते आणि वर एक खोकं जास्तीचं फिरतं, जे फिरण्याची कुणाला गरज नव्हती. मर्यादेमुळे लोक मागण्या साठवून एकदम मागवतात, फेऱ्या वाचतात, हवा कमी बिघडते, हा युक्तिवाद मला मान्य आहे. पण तो एका खोक्यात जाणाऱ्या मालापुरताच लागू आहे.

दुकानाची खरी बाजू वेगळी आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे. केबलवर ३० टक्क्यांनी ७५ सुटतात, पार्सलला ७० जातात, उरले पाच. त्यात भाडं, पगार, पेमेंट गेटवेचं कमिशन. मोठ्या ऑर्डरीत पार्सलचा खर्च मार्जिनमध्ये जिरतो, छोटीत जिरत नाही. म्हणून रकमेची अट. ठीक, पण मग त्याला ‘डिलिव्हरी चार्ज’ म्हणू नका. काही अ‍ॅप्सवर ‘स्मॉल ऑर्डर फी’ असं सरळ लिहिलेलं असतं. ऐकायला कडू लागतं, पण निदान कशाचे पैसे घेतायत ते समजतं, आणि समजलं की तुलना करता येते.

मर्यादाच काढून टाका, सगळ्यांना सगळं फुकट पोचवा, असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. सभासदत्वाने काय होतं ते पाहिलंच आहे. अ‍ॅमेझॉन प्राइम फेब्रुवारी २००५ मध्ये वर्षाला ७९ डॉलरने सुरू झालं, तेव्हापासून ही कल्पना जगभर पसरली. एकदा वर्षाचे पैसे भरले की प्रत्येक पार्सल शून्याचं. मग दुपारी एक वस्तू, संध्याकाळी आठवली म्हणून दुसरी. मर्यादा माणसाला नको असलेलं घ्यायला लावते, सभासदत्व त्याला हवं ते सुटं सुटं मागवायला लावतं. खोकी दुसऱ्या प्रकारात जास्त फिरतात. सभासदत्व परवडतं का, याचा हिशोब वार्षिक शुल्क भागिले चार्ज असा करतात: १४०० भागिले ७०, वीस ऑर्डरी. या विसात फक्त त्याच ऑर्डरी धरायच्या ज्या सभासद नसतानाही दिल्या असत्या आणि ज्या मर्यादेखाली राहिल्या असत्या. सभासद झाल्यामुळे सुचलेल्या ऑर्डरी त्यात धरल्या की कुठलंही सभासदत्व फायद्याचंच ठरतं.

रोजच्या व्यवहारात जिथे लोक हमखास ठेचकाळतात त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली कूपन. १०४० चं कार्ट, वर दहा टक्क्यांचं कूपन लावलं, बेरीज झाली ९३६ आणि चार्ज परत आला. १०४ ची सूट मिळाली, ७० गेले, हाताला ३४ लागले. मर्यादा सूट वजा जाता मोजतात की आधी, हे दुकानागणिक वेगळं असतं, त्यामुळे कूपन लावल्यावर शेवटचं पान पुन्हा वाचावं आणि कूपन काढूनही एकदा पाहावं. बरोबर मर्यादेवर थांबणं म्हणूनच धोक्याचं. गिफ्ट कार्ड, भेटीचं वेष्टन, कधी कधी करही बेरजेत धरत नाहीत. जड आणि अवजड वस्तूंना बऱ्याचदा नियम लागूच नसतो. अनेक विक्रेत्यांच्या बाजारात तर मर्यादा प्रत्येक विक्रेत्याची वेगळी असू शकते, आणि पट्टी मात्र वर एकच दिसते.

दुसरी जागा रिटर्नची. भरीची वस्तू परत करायचीच या हिशोबाने ती मागवणारे काही थोडे नाहीत. काही दुकानं अशा वेळी रिफंडमधून मूळ चार्ज कापतात, काही कापत नाहीत. न कापणाऱ्या दुकानाला ती २०० ची वस्तू परत आणणं, उघडून तपासणं, पुन्हा गुंडाळणं, आणि वेष्टन फाटलं असेल तर उतरत्या भावात विकणं असा खर्च येतो, जो ७० च्या बराच वर जाऊ शकतो. नाकापेक्षा मोती जड. मग दुकान रिटर्नवर शुल्क लावतं, आणि ते त्या गिऱ्हाइकालाही लागतं ज्याच्याकडे खरोखर चुकीच्या मापाचा बूट आला. या फिरवाफिरवीला मी गिऱ्हाइकाची लबाडी म्हणणार नाही. नियमच असा आहे की तो तिला आमंत्रण देतो.

कायदे या प्रश्नाच्या कडेकडेने फिरलेत. युरोपीय संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार १४ दिवसांत करार पूर्ण रद्द केला तर मालासोबत साध्या डिलिव्हरीचे पैसेही परत द्यावे लागतात, परतीचा टपालखर्च मात्र बहुधा ग्राहकाचा. आधीच टिक केलेल्या चौकटींनी जास्तीचे पैसे लावायलाही तिथे बंदी आहे. कॅलिफोर्नियाचा १ जुलै २०२४ पासूनचा कायदा म्हणतो की जाहिरातीतल्या किमतीत सगळी सक्तीची शुल्कं धरा, पण माल पाठवण्याचा वाजवी खर्च त्यातून वगळतो. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत तेरा फसवे प्रकार मोजलेत, त्यात न विचारता कार्टमध्ये वस्तू सरकवणं आहे आणि किंमत थेंबाथेंबाने उघड करणंही. मोफत डिलिव्हरीची किमान रक्कम कुठेच मोजली जात नाही, आणि ती बेकायदा ठरवावी असं माझंही म्हणणं नाही.

थेट हात घातला तो फ्रान्सने, तोही पुस्तकांपुरता. २०१४ मध्ये तिथे ऑनलाइन पुस्तकांवर पाच टक्के सूट आणि मोफत डिलिव्हरी एकत्र देण्यावर बंदी आली. अ‍ॅमेझॉनने डिलिव्हरीचा दर एक सेंट केला. फुकट नाही, कायदा पाळला. मग डिसेंबर २०२१ च्या कायद्याने सरकारला किमान दर ठरवायचा अधिकार मिळाला आणि ७ ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोच्या आतल्या नव्या पुस्तकांच्या ऑर्डरीवर किमान ३ युरो घेणं बंधनकारक झालं. ३५ च्या वर पुन्हा एक सेंट चालतो. हेतू छोट्या पुस्तकदुकानांना जगवण्याचा, आणि तो समजण्यासारखा आहे. पण गंमत पाहा, सरकारनेही खुंटी पैशातच ठोकली. खिशात मावणारी दोन पुस्तकं मिळून १६ युरोची असतील तर त्यांना ३ युरो. ४० युरोचा, दोन हातांनी उचलावा लागणारा चित्रसंग्रह असेल तर एक सेंट.

मला हवा तो बदल फार मोठा नाही. दर पार्सलचा असावा: एका खोक्याला इतके, खोकं मोठं किंवा जड असेल तर इतके, त्याच खोक्यात मावणाऱ्या पुढच्या वस्तूंना काही नाही. एकत्र मागवण्याचं बक्षीस यात आपोआप मिळतं आणि त्यासाठी हजाराचा आकडा गाठावा लागत नाही. घाई नसलेल्याला आठवड्यातून एकदा, परिसरातल्या सगळ्या ऑर्डरींसोबत, कमी दरात पोचवण्याचा पर्याय मिळावा. जवळच्या लॉकरमधून स्वतः नेणाऱ्याला आणखी कमी, कारण तिथे दारोदारचा टप्पाच वाचतो. आणि जोवर रकमेची मर्यादा राहणार आहे तोवर पट्टीवर दोन्ही आकडे एकाच मापाच्या अक्षरांत असावेत: ‘आणखी २०० ची खरेदी करा, किंवा डिलिव्हरीचे ७० द्या.’ शेजारी एक ओळ: माल किती खोक्यांत येणार आणि भरीची वस्तू परत केली तर रिफंडमधून काय कापणार.

यावर एक हरकत नेहमी येते की वजनाचा हिशोब गिऱ्हाइकाला किचकट वाटेल आणि दुकानाला तो आधी सांगता येणार नाही. गिऱ्हाइकाला तो करायचाच नाही, त्याला फक्त आकडा दिसायला हवा. आणि दुकानाकडे वस्तू गोडाऊनमध्ये दाखल झाली तेव्हाच तिचं वजन आणि मापं नोंदवलेली असतात. खोकं कुठल्या मापाचं घ्यायचं हे पॅकिंगच्या टेबलावरचा स्क्रीन त्या नोंदीवरूनच सांगतो, आणि कुरिअरचं लेबलही त्यावरूनच छापलं जातं.